मोहाच्या कमरेचं माप

आमच्या मावसाजींनी जन्मभर विश्वास ठेवला तो फक्त स्वतःवर, आणि तोही रोज सकाळी एकदा तपासून. माझ्या मावशीचे हे यजमान झरी जामणीच्या जंगलात वनमजूर म्हणून राबून निवृत्त झाले. आजारी होतो म्हणून आलो नाही, असं कुणी सांगितलं, की ते गोळ्यांची रिकामी पाकिटं मागतात. वणीच्या एसटीत बसल्यावर गाडी वणीलाच जाते ना, हे कंडक्टर सोडून तिघांना विचारतात. कंडक्टरला का नाही, तर तो एसटीचाच माणूस.

अशा माणसाच्या बांधावरच्या मोहाला एक तरुण संशोधक बाई येऊन स्प्रिंगची पत्र्याची पट्टी बांधून गेल्या. पट्टीवर बारीक खुणा होत्या. झाड रात्री पाण्यानं भरतं, दुपारी आकसतं, ते रोज मोजायचं, असं त्यांनी नीट समजावलं. मावसाजींनी मान डोलावली आणि मला बाजूला नेलं. "गोलाई मोजली अन् झाड उभं ठेवलं, असं मी जिंदगीत नाही पाह्यलं," ते म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या नोकरीत आधी टेप यायची, मग तोडायच्या झाडावर हातोड्याचा ठसा आणि मागोमाग करवत. त्यात हा मोह मावशीचा. दर उन्हाळ्यात ती याच्याखाली फुलं वेचायची. ती गेली, आता मावसाजी एकटेच वेचतात आणि टोपली कमी भरली की पाखरांवर आळ घेतात.

आकडे लिहायला गावातला माणूस हवा होता. मावसाजींनी ते काम आपणहून मागून घेतलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सकाळ-दुपार ते पट्टी वाचायचे आणि वहीत मात्र दर आठवड्याला दोन-तीन खुणा आणखी कमी करून लिहायचे. बारीक होत चाललेलं झाड कोण कशाला तोडेल, हा त्यांचा हिशेब.

श्रावणात पावसानं दडी मारली आणि मॅडम स्वतः येऊन दाखल झाल्या. पावसाळ्यात झाड एवढं उतरतं कसं, तुम्ही रोज झाडापाशी जाता ना, असं त्यांनी वही पाहून हळूच विचारलं. जगावर संशय घेणाऱ्या माणसावर पहिल्यांदाच कुणी संशय घेतला होता. मावसाजींना ते फार लागलं. ते तरातरा आत गेले आणि तुरीच्या कोठीमागून दुसरी वही घेऊन आले. तिच्यात रोजचा खरा आकडा होता. खोटं लिहिताना खरं विसरू नये, म्हणून त्यांनी तो जपला होता.

मॅडम रागावतील असं मला वाटलं. त्या पानं उलटत राहिल्या.

"काका, खरे आकडेही उतरतच आहेत," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस झाले, झाड रात्रीसुद्धा भरून येत नाहीये. त्याला खाली पाणीच मिळत नाही."

तोडायला नक्की कुणी येणार नाही ना, हे मावसाजींनी तीनदा विचारलं. मॅडमनी तिन्ही वेळा नाही म्हटल्यावर ते मोहाच्या बुंध्याशी बसले. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी मावशी गेली तेव्हाच पाहिला होता. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

"करवत घेऊन कोनी आलं असतं तं मी आडवा पडलो असतो, म्याडम. आता कोनावर नजर ठेवू?"

दुपारच्या आकड्याची वेळ झाली होती. मावसाजी गुडघ्यावर हात टेकून उठले, पट्टीवर वाकले आणि मॅडमच्या वहीत खरा आकडा लिहिला.