एकेचाळीस म्हाताऱ्या आणि एक डिस्क

मी वीस वर्षं वडिलांशी एकच खोटं बोलत आले. "कॉपी काढून ठेवलीय, दादा." कसली कॉपी आणि कसलं काय!

दादा प्राथमिक शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला आणि दोन बोटांनी टाइप करायला शिकले. मग स्कूटर काढून निरवांगी, कळंब, निमगाव असे फिरायला लागले. ज्या बायांनी तरुणपणी धम्मदीक्षा घेतली होती, घरातले देव टोपलीत भरून नीरेत सोडले होते, त्यांना गाठायचे आणि त्या सांगतील ते वहीत उतरवून घ्यायचे. टाइप झालं की वही बंबात. मास्तरांना पसारा खपायचा नाही. अशा एकेचाळीस म्हाताऱ्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यात जमा झाल्या. मी तेव्हा बारामतीला नोकरी करत होते. दर खेपेला दादा म्हणायचे, एक कॉपी तुझ्याकडं असू दे. मी हो हो करायचे, आणि एकदा कंटाळून काढली म्हणून सांगून टाकलं.

पुढे कॉम्प्युटर कोपऱ्यात गेला, त्याच्यावर चादर पडली. यंदा दादांची नजर फारच अधू झाली, तेव्हा ते म्हणाले, "त्यातली एकबी बाई आता हयात न्हाय. पुस्तक छापून घेऊ. तुझी कॉपी आण."



रविवारी गावी गेले. मूळ मजकूर एकदा ताडून बघते, अशी थाप मारून कॉम्प्युटर लावला. पंखा फिरला, पण पडद्यावर एकच ओळ, डिस्क सापडत नाही. केबली काढल्या, पुसल्या, परत लावल्या. बटण दाबून दाबून बोट दुखायला लागलं. डिस्कला कान लावला तर आत नुसती गुरगुर, फिरणं नाहीच. बारामतीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, जाम झालीय. इतकी वर्षं बंद होती ना. उघडू मात्र नका, हितं घेऊन या."

तिथं न्यायची तर दादांना कारण सांगावं लागणार. आणि जाम म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायला नको होतं. आमच्या विहिरीवरची मोटर पावसाळाभर बंद राहिली की जाम व्हायची. मागचं झाकण काढायचं, पंखा हातानं फिरवायचा, की झाली सुरू. खेड्यातल्या पोरीची अक्कल ती तेवढीच!

चौकातल्या मोबाइलवाल्याकडून बारीक स्क्रूड्रायव्हर आणला आणि डिस्कचं झाकण काढलं. आत आरशासारखी चकचकीत तबकडी होती. ती बोटानं ढकलली. हलली! बटण दाबलं, तशी गरगर फिरायला लागली. बऱ्याच वेळानं पडद्यावर यादी आली. कळंब तीन, निरवांगी सात, निमगाव एक. मी ओरडले, "दादा, दिसल्या! सगळ्या हायेत!"

पहिलीच फाइल उघडायला गेले आणि आतून करकर आवाज आला, जात्यात खडा यावा तसा. पडदा गोठला. त्यानंतर ती डिस्क पुन्हा कधीच बोलली नाही. मी तिला परत ढकललं, हलवलं, आपटलंसुद्धा. शिव्या दिल्या, हातापाया पडले. दुरुस्तीवाल्याला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, "बोट लावलं? मग आता आशा सोडा, मॅडम."

दादा भिंत चाचपत आले. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. कॉपी कधी नव्हतीच, हेही सांगितलं.

"वाटलंच मला," ते म्हणाले. "कॉपी असती तर इतकी रडली असतीस व्हय?"

आता घालूनपाडून बोलतील, असं वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कागद घे. आठवतंय तेवढं सांगतो."

कळंबच्या एका बाईपासून त्यांनी सुरुवात केली. "ती म्हणाली, देवांची टोपली डोक्यावर घेतली, तवा सासू दारात आडवी आली. मग मी तिला म्हणलं..."

ते थांबले. कपाळाला आठ्या घातल्या.

"पुढं काय म्हणाली हुती गं ती? तू वाचलं असशील की."

मी त्यातली एक ओळही कधी वाचली नव्हती.