खाजगी शाळेचा उजवा कौल

खाजगी शाळेत घातलं की पोरं कॉलेजात जातातच, असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं की मी अजून दचकते.

एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. बाबा मुंबईत एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत पट्टेवाले होते. तिथल्या कारकुनांच्या मुली कॉलेजात जाताना त्यांनी पाहिल्या आणि आपलीही मुलगी जावी, हे त्यांच्या डोक्यात बसलं. मला त्यांनी गावातून उचलून रत्नागिरीला आत्याकडे ठेवलं. मग प्रश्न आला शाळेचा. सरकारी हायस्कूल जुनं आणि दांडगं. खाजगी शाळा लहान, पण तिने मॅट्रिकला बसवलेलं एकही मूल नापास होत नाही अशी तिची ख्याती.

बाबांनी आमच्याकडची माणसं करतात तेच केलं. ग्रामदेवीला कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या आणि आम्ही कळ्यांकडे डोळे लावून बसलो. खाजगी शाळेसाठी उजवी कळी पडली. उजवी म्हणजे देवीचा होकार. बाबांनी तिथेच लोटांगण घातलं.

मी मात्र घाबरले. शाळा देवीने निवडली म्हटल्यावर शाळा चुकणं शक्यच नव्हतं. चुकणार ती मीच.

त्या ख्यातीतली मेख मला शेवटच्या वर्षी कळली. मॅट्रिकच्या आधी शाळा स्वतःची परीक्षा घेई आणि तीत जो कच्चा निघेल त्याचा फॉर्म अडवी. बसूच दिलं नाही तर नापास होणार कोण? आत्याला हे सांगितलं तेव्हा ती मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "डागी आंबा पेटीत भरायचाच नाय, मग पेटी बरी दिसनारच गो."

मी डागी आंबा होते. गणितात. मास्तर फळ्यावर त्रिकोण काढू लागले की मी वहीत डोकं खुपसे. तिकडे गावी आईने गिरणीतल्या एका मुलाचं स्थळ हेरून ठेवलं होतं; मॅट्रिकचं काही जमलं नाही तर त्याच वैशाखात बार उडवायचा, हे घरात उघड बोललं जाई. मुलगा वाईट नव्हता म्हणे. मला त्याच्या नावानेही धडकी भरे. जेवण जाईना. आत्याने मिरच्या ओवाळून टाकल्या. मिरच्यांनी भूमिती सुटत नाही, हे तिला कोण सांगणार.

ज्यांचे फॉर्म जाणार त्यांची नावं हेडमास्तरांनी वर्गात वाचली. माझं नाव नव्हतं.

बाबा शिमग्याला आगबोटीने आले आणि मला गावी घेऊन गेले. मला वाटलं, ओरडतील. पण दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते देवळात गेले आणि गुरवाला म्हणाले, "फिरून कौल लावा. पोरीचं लगीन करू, का पुढल्या वर्षी शाळेबिगर, भायरून मॅट्रिकला बसवू?"

गुरवाने हात जोडले. "पोरीच्या शिक्षनाचा कौल देवी आईनं दिलाय. त्येच्यावर दुसरा लावायचा नाय. कोप व्हईल."

बाबा देवळाच्या पायरीवर बसले. आयुष्यात त्यांनी विहीर कुठे खणायची, म्हैस कुणाची घ्यायची, सगळं देवीला विचारून केलेलं. त्यांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. बाबाही घाबरतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि माझा उरलासुरला धीरही गेला.

"तूच सांग, बाय," ते म्हणाले. "बसशील भायरून?"

"बसेन."

"आन् पास नाय झालीस तर?"

उत्तराची वाट न बघता ते उठले आणि यंदा लग्न नाही, हे आईला सांगायला घरी गेले.

वर्षभर मी आत्याच्या माजघरात त्रिकोणांशी झटत होते. मॅट्रिक झाले, काठावर का होईना. जूनमध्ये बाबा मला मुंबईच्या एका कॉलेजात घेऊन गेले. त्यांनी कचेरीतला स्वच्छ धुतलेला कोट घातला होता. खिडकीतल्या कारकुनाने मान न उचलता विचारलं, "शाळा कुठली?"

आता हाकलतील, असं वाटलं.

"शाळा नाही. बाहेरून बसले होते."

त्याने ते लिहून घेतलं, माझे मार्क पाहिले, शिक्का मारला आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

बाबा जागचे हलेनात. मागच्या मुलाने त्यांना जरा ढकललं, तेव्हा ते मला हळूच म्हणाले, "येवढंच इच्यारतात?"