नाक्यावरचं दुसरं दुकान

दामूकाका गेल्याचं काकींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी वर्गावर निघाले होते. तिथेच पायरीवर बसले. हा वर्ग मला मिळाला तोही काकांमुळेच…

करावे गावात त्यांच्या घराच्या माडीवर आम्ही भाड्याने राहायचो. काका पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे. मुलगी झाल्यावर माझी नोकरी सुटली होती, चार वर्षं मी घरीच. एका दुपारी कुरिअरने कॉलेजचं शिकवण्याच्या नोकरीचं पत्र आलं: आज सहाच्या आत ई-मेलने होकार कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. सायबर कॅफे नेमका बंद. घरचा डायल-अप किंचाळत जोडला जायचा, पण एकही पान उघडायचं नाही. मी शहाणी, टेलिफोनच्या वायरी उपटून पुन्हा पुन्हा लावत बसले. काका पाचला कामावरून आले आणि माझा चेहरा बघून चहाही न घेता तडक वर आले.

त्यांनी साइटचं नाव न लिहिता नुसते आकडे लिहिले आणि पान चक्क उघडलं. "लाइन बरी हाय गो," ते म्हणाले. "गावान नवा मानूस आला नि माजा पाकिटावरचा नाव सांगतला, त कोनाला कलेल? नाक्याच्या दुकानान इचारला तरच घर सापडंल. तुजा दुकान बंद हाय. दुसऱ्या दुकानान इचारू." खरंच होतं, दामोदर म्हटलं की गावात कुणी ओळखत नसे, 'दामू वायरवाला' म्हणावं लागे. नावावरून आकडे सांगणारा सर्व्हरच बंद पडला होता. काकांनी सेटिंगमध्ये दुसऱ्या सर्व्हरचे आकडे भरले. सहाला दहा मिनिटं असताना माझा होकार गेला. मग मात्र त्यांनी चहा मागितला, दोन चमचे साखर जास्त घालून.

पुढे आम्ही सोसायटीत राहायला गेलो. गाठीभेटी कमी झाल्या, याची खंत आहे… काका गेल्यानंतर, गेल्या रविवारी काकींचा फोन आला. "मेघा, नेट लागत नाय. मनीला पोरगी झाली, मना नात बघाची हाय." मनी त्यांची लेक, दुबईला असते. मी लगेच गेले. वाय-फाय जोडलेलं, पण उघडत काहीच नव्हतं. दुखणं जुनंच. काकींनी फोनखालच्या खणातून काकांच्या अक्षरातला कागद काढून दिला. 'पयला दुकान', 'दुसरा दुकान', पुढे आकडे. मी दुसऱ्या दुकानाचे भरले आणि पडद्यावर मनीच्या कुशीतलं इवलंसं तोंड दिसलं. काकी हसत होत्या, डोळे पुसत होत्या.

कागदाची घडी घालताना तळाची ओळ दिसली. 'तिसरा दुकान: मेघा.' पुढे माझा नंबर.

"ते बोललंवते," काकी म्हणाल्या, "दोनी बंद असले त तुला इचाराचा."