वाघोबाचा कोंबडा

वळ गावातल्या आमच्या गोडाउनात जान्या नऊ वर्षं माल उतरवतोय. अकलोलीच्या वरच्या पाड्यावरचा. फ्रिज एकटा पाठीवर घेईल, पण पगाराची स्लिप मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरतो. वाचता येत नाही. वाचायचं काम माझं. बारावी पास म्हणून गोडाउनात मी मास्तर.

किशन त्याच्याच पाड्याचा. जान्यानेच त्याला इथे आणला, काम शिकवलं. जेवण दोघांचं मिळून: भाकऱ्या जान्याच्या, कालवण किशनचं. दोन वर्षांपूर्वी पगारवाढीचा विषय निघाला तेव्हा दोघांनी पाड्यावरच्या वाघोबा देवाची आण घेतली. मागायचं तर जोडीनं, एकट्यानं न्हाय. मग किशनच म्हणाला, "आता नको, दादा. मागितला तर दोघांना काढतील." जान्याने ऐकलं.

मागच्या महिन्यात किशन रजेवर होता. त्याची स्लिप जान्याकडेच दिली.

"मास्तर, ही पन वाच. सांगतो त्याला."

मी शहाणा, वाचली. जान्याचे चौदा हजार दोनशे. किशनचे सोळा हजार नऊशे.

"परत वाच."

परत वाचली. आकडा काही लाजून खाली आला नाही.

जान्या तडक सुपरवायझर कुणालकडे. तो चहा फुंकत म्हणाला, "किशनने मागितले, दिले. दोन वर्षं झाली. तू कधी मागितलेस?"

जान्या बाहेर येऊन खोक्यावर बसला. "मास्तर, आण मोडली की वाघोबाला कोंबडा द्यावा लागतो. यानं तवाच दिलेला. मी इचारला, कसला रं? तर म्हने, असाच. मला तंगडी वाढली. मी वर रस्सा मागून घेतला."

मला हसू आलं होतं. त्याचं तोंड बघून गिळलं.

दुसऱ्या दिवशी किशनने कालवणाचा डबा उघडला. "ये दादा."

जान्या उभाच. "माफ केला का वाघोबानं?"

किशनचा हात डब्यातच राहिला. "पोरीच्या दवाखान्याला लागत होते, दादा. तुला सांगनार होतो."

"देवाला सांगितलास. मी तर रोज म्होरं बसत होतो."

या महिन्यात जान्याची स्लिप वाचली. सोळा हजार नऊशे!

"पेढे कधी?" मी विचारलं.

"बरा हाय," म्हणाला आणि मागच्या गेटला जेवायला गेला. भाकऱ्या अजून दोघांपुरत्या चारच असतात. बायकोला त्याने काही सांगितलेलं नाही. दोन कोरड्याच खातो, दोन परत नेतो.