ज्याला मी पित्त समजले

मैत्रिणींनो, दवाखान्यात यांच्या खाटेशेजारी बसून लिहितेय.

आमचे हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात कामाला आहेत. तीन आठवड्यांपूर्वी छातीत जळजळतंय म्हणाले. पित्त असेल म्हणून मी सोडा दिला आणि डबा हातात देऊन कामावर पाठवलं. तेव्हापासून जिना चढला की त्यांना दम लागायचा, म्हणून आज इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला नेलं.

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तो हार्ट अटॅक होता, ताई. हृदयाचा हा कोपरा आता हलत नाही. तिथं रक्त साचून गाठ झालीय."

काळ्या पडद्यावर करड्या रंगाचा गोळा प्रत्येक ठोक्याला हलत होता. आणि हे टेबलावर पडल्या पडल्या म्हणत होते, "मला कायबी होत न्हाय की. उद्या कामावर जाऊ का?"

लगेच ॲडमिट केलं. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू आहेत, नंतर काही महिने गोळ्या. गाठ विरघळेल म्हणतात. पण त्याआधी सुटून मेंदूत गेली तर लकवा मारू शकतो. तोंड वाकडं होतंय का, बोलणं अडखळतंय का, यावर लक्ष ठेवायला सांगितलंय.

दुपारी यांचा डोळा लागला. ते गप्प पडलेले मला बघवेना. हलवून उठवलं, "अहो, माझं नाव सांगा."

"महादेवी. लई दमलोय, झोपू दे की."

पाच मिनिटांनी मी त्यांना पुन्हा उठवलं.

तुमच्या घरी कुणी छातीत जळजळतंय म्हणालं, तर तुम्ही काय करता?