अभ्यासिकेची किल्ली

बाबांचा टेंभी नाक्याजवळ छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं मनासाठी छापायची, असा त्यांचा हिशेब. मी शाळेतून आले की जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचे. त्यामुळे उद्गारचिन्ह मला पूर्णविरामाच्या आधी समजलं. पुढे छापखाना बंद झाला, आम्ही कोलशेतला राहायला आलो, पण एक छपाईयंत्र आणि पत्रकांची मोठी पत्र्याची पेटी सोबत आली. पेटीत प्रत्येक आंदोलनाचा वेगळा गठ्ठा, सुतळीने बांधलेला. बाबांना वीस वर्षांपूर्वीच्या पत्रकातलं वाक्यन् वाक्य आठवतं. गॅस बंद केला का, ते मात्र आठवत नाही.

आमच्या वॉर्डात महापालिकेची एक अभ्यासिका आहे. ती बांधून झाली, रंगवून झाली आणि मग कुलूप लागलं ते लागलंच. खिडकीतून आत पाहिलं की प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली टेबलं दिसायची. आणि इकडे समोरच्या चाळीतली एक मुलगी आमच्या इमारतीच्या जिन्यात बसून पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेचा अभ्यास करायची, कारण घरात दोन खोल्या, सात माणसं आणि सतत चालू असलेला टीव्ही. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. जिन्यातून जाणारा प्रत्येक माणूस तिला सामान्यज्ञानाचा एक प्रश्न विचारणं आपलं कर्तव्य समजायचा. दुसऱ्या मजल्यावरचे काका तर भाजीची पिशवी खाली ठेवून विचारायचे, "सांग बघू, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर?"

"कळसूबाई. काका, काल पण हेच विचारलेलंत."

"मग आज पाठ झालं की नाही?"

तिने एकदा मला म्हटलं, "ताई, मला नापास व्हायची भीती नाय वाटत. पण जिन्यात बसून नापास झाले तर जाम राग येईल."

माझं डोकं सटकलं. मी प्रभाग कार्यालयात गेले. बांधकाम विभाग म्हणाला, इमारत आम्ही मालमत्ता विभागाला दिली. मालमत्ता विभाग म्हणाला, आमच्याकडे ताबा आलेलाच नाही. किल्ली कुठेय विचारलं तर दोन्हीकडे एकच उत्तर: "ठेकेदाराकडे असेल." कुलूप तोडा म्हटलं तर, ताबा नाही त्या इमारतीचं कुलूप आम्ही कसं तोडणार?

घरी येऊन मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा: "किल्ली कुणी गिळली?" बाबांनी चष्मा लावून वाचलं.

"'निर्लज्ज' दोनदा आलंय. एकदाच ठेव, जोर राहतो. आणि फाइल बघितलीस का?"

"सोमवारी बघू. पत्रक आजच जाऊ दे ना."

दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कुणालाही कार्यालयात बसून फायली पाहता येतात, असा शासनाचाच निर्णय आहे. चार दिवस थांबणं काही अवघड नव्हतं. पण बाबांची बोटं यंत्राकडे वळलेली. त्यांनी शेवटी स्वतःचं वाक्य जोडलं: "ज्याच्याकडे किल्ली आहे त्याचं नाव वॉर्डासमोर जाहीर झालंच पाहिजे!" खाली त्यांची लांब शेपटीवाली सही छापली. आम्ही दोघांनी घरोघर पत्रक टाकलं. रिक्षा स्टँडवर वाचन झालं. काकांनी ते जिन्यात चिकटवलं.

सोमवारी आम्ही तिघं गेलो: बाबा, मी आणि ती मुलगी. अभिलेख कक्षातल्या मॅडमनी फाइल टेबलावर ठेवली. सगळ्यात वर आमचंच पत्रक होतं, आवक शिक्क्यासकट.

"छान लिहिता हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "साहेबांनी दोनदा वाचलं."

मी वही उघडून तयार. मॅडम बोट ओलं करून पानं उलटत होत्या. नकाशा, निविदा, पत्रव्यवहार. मग एका पावतीच्या पानावर थांबल्या आणि मोठ्याने वाचायला लागल्या: "उद्घाटन होईपर्यंत सामान चोरीला जाऊ नये म्हणून एक कुलूप लावून त्याच्या दोन्ही किल्ल्या नागरिक समितीच्या सचिवांकडे सुरक्षित ठेवण्यास दिल्या." त्यांनी डोळे बारीक केले. "सही कुणाची आहे, लागत नाही."

बाबा हळूच म्हणाले, "लागतेय."

मुलीने पत्रक उचलून पावतीशेजारी ठेवलं. तीच लांब शेपटी. "काका, ही तर तुमची."

आणि मला आठवलं. ही अभ्यासिका व्हावी म्हणून बाबांनीच समिती काढली होती, मीच त्या पत्रकांच्या घड्या घातल्या होत्या. अभ्यासिका झाली, समिती पांगली, सचिव पुढच्या आंदोलनाला लागले.

"अगं बाई!" मॅडम तोंडाला रुमाल लावून हसायला लागल्या. मग बाबांचा चेहरा पाहून सावरल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, एवढं मनाला लावून घेऊ नका. किल्ल्या आणून द्या. आमच्या कपाटात सापडल्या म्हणून सांगू साहेबांना. विषय संपला."

खोटं का सांगू, मला ते क्षणभर फार बरं वाटलं. सगळ्या वॉर्डात आमचं पत्रक होतं. पण बाबा उठून उभे राहिले. "नाही बाई. फाइलीत जे आहे तेच राहील. आम्ही तुमच्याकडून हेच मागत आलोय ना?"

मुलगी म्हणाली, "ते सगळं ठीक आहे काका, पण किल्ल्या आहेत ना घरी?"

घरी पेटी उपडी केली. तिसऱ्या की चौथ्या गठ्ठ्यात पाकीट सापडलं. वर बाबांच्या अक्षरात: "अभ्यासिका आंदोलन. विजय!" आत दोन किल्ल्या. विजय झाल्यावर बाबांनी त्याला नेहमीप्रमाणे सुतळी बांधली होती.

त्याच दिवशी दुसरं पत्रक छापलं. तोच कागद, तोच आकार, तेवढ्याच प्रती, कारण बाबांच्या मते चूक बारीक अक्षरात कबूल करणं म्हणजे लपवणंच. मथळा: "किल्ली आमच्याकडेच होती." पहिलं नाव त्यांचं. दुसरं माझं, फाइल न वाचता आरोप केला म्हणून. आणि खाली दोन प्रश्न, तेही तितक्याच मोठ्या अक्षरात: हे पान कार्यालयातच असताना दोन विभागांपैकी एकानेही ते का उघडलं नाही? आणि अभ्यासिकेच्या वेळा, किल्ली कुणाकडे आणि तक्रार कुणाकडे करायची, हे दारावर कधी लिहिणार?

लोक आठवडाभर हसले. रिक्षावाले बाबांना पाहून विचारायचे, "काका, चावी घेतली का?" बाबा खिसा चाचपून दाखवायचे. पण दुसरं पत्रक पहिल्यापेक्षा जास्त वाचलं गेलं, आणि पुढच्या सोमवारी फायली बघायला आमच्या वॉर्डातली अकरा माणसं आली. मॅडमना बाहेरून खुर्च्या मागवाव्या लागल्या.

साहेबांनी त्याच आठवड्यात ताबा घेतला. बाबांनी किल्ल्या दिल्या आणि पावतीची प्रत मागून घेतली. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं, ही चर्चा सुरू व्हायच्या आत मुलीने मॅडमकडून एक किल्ली घेतली, गंजलेल्या कुलपात शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि दोन हातांनी पिळून ते उघडलं. खिडकीजवळच्या टेबलाचं प्लॅस्टिक फाडून ती बसलीसुद्धा. परीक्षेला अजून सहा आठवडे होते.

दारावर आता पाटी आहे. वेळा, किल्ली सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव, तक्रारीसाठी अधिकाऱ्याचं पद. बाबा रोज फिरायला जाताना ती पूर्ण वाचतात.

कुलूप उघडलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरचे काका भाजीची पिशवी घेऊन अभ्यासिकेत शिरले होते. जिना सुना सुना वाटत होता म्हणे. तिच्या टेबलापाशी येऊन त्यांनी तोंड उघडलं. तिने मान वर न करता भिंतीवरच्या 'शांतता राखा'कडे पेन दाखवलं.

काकांनी पिशवी खाली ठेवली, शेजारची खुर्ची ओढली आणि पेपर उघडून बसले.