वळखू येतो का?

भाऊ आधी डोळे मिटायचे, मग मान कलती करून दोन बोटं स्पीकरच्या जाळीवर अलगद टेकवायचे आणि गिऱ्हाइकाला विचारायचे, "वळखू येतो का?"

आवाज वाढला का, बेस आला का, असलं काही ते विचारत नसत. कॅसेटवर जो गातोय तो माणूस ओळखू येतो का, एवढंच. तुमच्याही गावात रेडिओ-टेप दुरुस्त करणारं कुणीतरी असेल. पण वडीगोद्रीत हायवेच्या कडेला, पत्र्याच्या दुकानात बसणारे भाऊ आमचे होते, हे मी छाती फुगवून सांगतो. जालन्याहून लोक अँप्लिफायर मांडीवर घेऊन बसने त्यांच्याकडे यायचे. शहरातून खेड्याकडे असा उलटा प्रवास मी दुसऱ्या कुठल्या कामासाठी पाहिलेला नाही.

कुणी नुसता दणका वाढवून मागितला की ते वैतागत. "गाव हालवायचंय का ऐकायचंय? हालवायचं आसंल तर दुसरं दुकान बघा." बोलायचे असे, पण काम मात्र करून द्यायचे.

माझी त्यांच्याशी खरी गाठ पडली ती माझ्या शहाणपणामुळे. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे यंत्रातलं आपल्याला कळतं असा माझा समज आहे. घरी टेप डेक, अँप्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर. सगळं जुनं, पण वाजणारं. त्यावर माझ्या बायकोला एकच गोष्ट ऐकायची असे: तिच्या वडिलांची कॅसेट. ते कुंभार पिंपळगावचे, भजनात पुढे बसून गाणारे. ते गेले आणि मागे ही एवढीच कॅसेट राहिली. पण ती लावली की बायको दोन मिनिटांत उठून आत जाई. "हे बाबा न्हाईत," म्हणायची. एकदा तर म्हणाली, "हे ऐकून ऐकून मला त्यांचा खरा आवाजच इसरायला झालाय. नका लावू."

ते मला फार लागलं. आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून मी निकाल दिला: अँप्लिफायर कमजोर आहे, तो बदलायचा. स्पीकरचं पुढच्या वर्षी बघू. भाऊंकडे गेलो ते सल्ला मागायला नाही, कोणता घेऊ एवढं विचारायला.

भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "सर, हिरीतच पाणी न्हाई आन् तुम्ही मोटर मोठी बसवून राह्यले. मीच घरी येतो. ताई आसतीन ना? त्यांच्याबिगर जमायचं न्हाई."

अँप्लिफायरचा आणि ताईंचा काय संबंध, असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

रविवारी सकाळी भाऊ आले. कॅसेट लावली, डोळे मिटले, मान कलती केली, बोटं पुढे नेली, आणि बोटं पडली ती कापडावर. स्पीकरवर बायकोने शिवलेली जाड झालर होती, वर भरतकामाचे दोन मोर. आपल्याकडे टीव्हीला, मिक्सरला, सगळ्यांनाच कपडे घालतात. मग स्पीकर तेवढा उघडा कसा ठेवायचा? आता या मोरांवरून घरात महाभारत होणार, असं मला वाटलं.

"ताई, मोर झकास भरलेत," भाऊ म्हणाले. "पर बाबा मोराच्या मागं बसून गाऊन राह्यलेत. मोराला भिंतीवर लावू, मंग बाबा पुढं येतेन."

बायको हसली आणि झालर तिने स्वतःच्या हाताने काढली. हेच मी सांगितलं असतं तर चार दिवस अबोला ठरलेला.

आवाज मोकळा झाला. मी खूश. भाऊ मात्र माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. "ताई, वळखू येतो का?"

तिने एक अख्खं कडवं ऐकलं. मग म्हणाली, "शब्द साफ येतेत. पर भाऊ, बाबा इतके म्हातारे नव्हते. थकलेले तर बिलकुल नव्हते. चालायचे बी जल्दी आन् गायचे बी जल्दी."

भाऊंनी मांडीवर थाप मारली. "बराबर! ताईनं रोगच सांगितला."

त्यांनी डेक उघडला आणि आतला रबरी पट्टा काढून माझ्या तळहातावर ठेवला. बांगडीएवढा काळा पट्टा, पार ढिला पडलेला. त्याच्यामुळे टेप हळू फिरत होती, आणि टेप हळू फिरली की आवाज जड होतो, म्हातारा होतो. हे मला सुचायला हवं होतं. विज्ञान मी शिकवतो.

नवा पट्टा चढवून भाऊ पेचकसाने बारका स्क्रू फिरवत मोटारीचा वेग जुळवू लागले. यावेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत. बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"अजून?"

"थोडं. थोडंसंच. बस! बस, भाऊ."

ती तिथेच खाली बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. "आले. हेच बाबा." त्या दिवशी ती उठून आत गेली नाही. कॅसेटच्या दोन्ही बाजू संपल्या तरी बसून होती.

"म्या काय ह्यांच्या बाबाला कधी ऐकलं न्हाई, सर," पेचकस पुसत भाऊ म्हणाले. "मशीन माझी, पर कान घरच्याचा पाह्यजे." इतकी वर्षं नावाजलेला माणूस, आणि आपला कान त्याने खुशाल बाजूला ठेवला. असा कारागीर मी दुसरा पाहिला नाही.

मूळ कॅसेट रोज वाजवून झिजेल म्हणून आठ दिवसांनी त्यांनी तिची नक्कल करून आणून दिली.

अँप्लिफायर अजून तोच आहे. मोर भिंतीवर आहेत. भाऊ गेल्या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि मी तिथून जाताना उगाच मान वळवून बघतो.

परवा बायकोने ती नक्कल लावली आणि कणीक मळायला बसली. एरवी शेवटचा अभंग संपला की आम्ही टेप बंद करतो. त्या दिवशी तिचे हात पिठात, मी वह्या तपासत होतो, त्यामुळे टेप तशीच फिरत राहिली. थोडा वेळ नुसती खरखर आली. मग कुणीतरी घसा खाकरला आणि अगदी जवळून विचारलं, "ताई, वळखू येतो का?"

बायको पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली आणि स्पीकरसमोर उभी राहिली.

"येतो की, भाऊ," ती म्हणाली. "बराबर येतो."